लिहायची वेळ : ठरवायची कशी आणि घरात टिकवायची कशी

(छत्रपती संभाजीनगर इथं लिहू इच्छिणाऱ्या स्त्रियांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्नही दिले आहेत.)



पत्रिकेवर आजचा विषय ‘लेखनासाठी नियोजन आणि उद्दिष्टनिश्चिती’ असा छापलाय. शब्द जरा जड आहेत, कंपनीतल्या मीटिंगसारखे. पण त्याच्या खालचा प्रश्न साधा आहे, आणि तो तुमच्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी विचारलेला आहे. लिहायचं खूप आहे हो, पण वेळ कुठून काढू?

या प्रश्नातल्या एका शब्दापासून सुरुवात करू. ‘वेळ’ हा शब्द मराठीत दोन लिंगांत चालतो. ‘तो वेळ’ म्हणजे अवधी. माझा वेळ गेला, दोन तासांचा वेळ लागला. आणि ‘ती वेळ’ म्हणजे ठरलेला क्षण. जेवणाची वेळ झाली, गाडीची वेळ टळली. आता आपल्या घरात जी जी कामं रोज हटकून होतात ती आठवून बघा. दुधाची वेळ असते, डब्याची वेळ असते, लेकरांच्या रिक्षाची, सासूबाईंच्या गोळीची, देवापुढं दिवा लावायची वेळ असते. या सगळ्यांना ‘ती’ वेळ आहे. लिहिण्याला मात्र आपण ‘तो’ वेळ शोधत बसतो. सगळं आवरल्यावर उरेल तो. आणि तो उरत नाही. त्यात आपला आळस नसतो. घरकाम या कामाचा स्वभावच असा आहे की ते संपत नाही, फक्त थांबवता येतं.

हे नुसतं आपलं गाऱ्हाणं नाही, त्याची सरकारी मोजदाद झालेली आहे. केंद्र सरकारचं सांख्यिकी कार्यालय लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी करतं. २०२४ च्या पाहणीत असं दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. म्हणजे पाच तासांना अकरा मिनिटं कमी. असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आणि लक्षात घ्या, ही सरासरी काम ‘करणाऱ्यांची’ आहे. त्याआधीच्या, २०१९ च्या पाहणीत घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात साधारण २६ होते आणि स्त्रिया ८१. लेकरांचं, आजारी माणसांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात.

पण आकड्यात एक गोष्ट येत नाही. उरलेला वेळ सलग नसतो. बाई टीव्हीसमोर बसलेली दिसते, पण तिचा एक कान कुकरच्या शिट्टीकडं असतो आणि दुसरा दाराच्या बेलकडं. लिहायला अर्धा तास मिळाला असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर सात मिनिटांचे चार तुकडे मिळालेले असतात. म्हणून ‘रोज पहाटे चारला उठा’ असं सांगणाऱ्या पुस्तकांचा मला जरा राग येतो. पाचला पाणी भरायला आणि सहाला डब्याला उठणाऱ्या बाईला चारला उठ म्हणणं म्हणजे तिच्या झोपेतून वेळ कापणं आहे. घरातल्या बाकीच्यांच्या वेळेला हात न लावता.

आता आपल्या आधीच्या बायकांनी काय केलं ते बघू. लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात शिऊर आहे. तिथं संत बहिणाबाईंची समाधी आहे. जन्म १६२८ चा, देवगावचा. लहानपणीच वयानं खूप मोठ्या माणसाशी लग्न झालं. तुकारामांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा राग ओढवून घेतला, आणि तो राग, तो छळ त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवला. सतराव्या शतकातली एक बाई आपलं आयुष्य, आपला संसार, घरातला मारसुद्धा आपल्या शब्दांत मांडते, ही साधी गोष्ट नाही. मराठीत आत्मचरित्राचा विषय निघाला की त्यांचं नाव घ्यावंच लागतं. आपल्याकडं मात्र शिऊरला जाणारे बरेचजण दर्शन घेऊन येतात आणि त्या लेखिका होत्या हे विसरतात.

मग फलटणच्या बेबीताई कांबळे. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आलं १९८६ साली. त्या किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून लिहायच्या. आणि हे लिहिलेलं त्यांनी साधारण वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. वीस वर्षं! त्याच सुमाराला शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आलं. त्यांनी ते शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लिहिलं. त्याच्या आधी लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. नवऱ्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, त्याही न्यायमूर्ती गेल्यानंतरच्या.

आणि खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी काम करता करता गाणी सुचायची, त्या म्हणायच्या. मुलानं, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकानं ती वेळोवेळी उतरवून घेतली. त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक १९५२ साली आलं, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. आज आपण त्यांच्या कवितांवर भाषणं करतो. पण जी गाणी म्हणताना जवळ उतरवून घेणारं कुणी नव्हतं ती कुठं गेली? आणि ज्या बाईचा मुलगा सोपानदेव नव्हता, तिची?

थोडा अंदाज येतो तो जात्यावरच्या ओव्यांवरून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. जात्यावर हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं, शेजारी दुसरी बाई असते आणि पुरुषमंडळी झोपलेली असतात. एका अर्थानं ती बायकांची लिहायची वेळ होती, ठरलेली, रोजची. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, चांगलंच झालं. ते जातं परत यावं असं मी म्हणणार नाही. पण त्याबरोबर ती वेळही गेली आणि तिच्या जागी दुसरी आपण ठरवली नाही. मिक्सर लावून ओवी म्हणता येत नाही.

ही नावं मी सांगते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, जिद्द असली की वेळ सापडतोच. मला ते पटत नाही. मी उलटं वाचते. कुणी साठीनंतर लिहिलं, कुणी वैधव्यात, कुणी लपवून, कुणाचं दुसऱ्यानं उतरवून घेतलं. चाळिशीतली, भरल्या घरातली, सगळ्यांच्या देखत वही घेऊन बसलेली बाई या यादीत फार सापडत नाही. आणि नेमक्या याच वयात आपल्याकडं सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं आणि ते ताजं असतं. अपवाद आहेत. बेळगावच्या इंदिरा संतांचं उदाहरण घ्या. १९४६ साली नवरा गेला, लेकरं लहान, नोकरी करणं भाग, आणि कविता चालूच. पण अपवादावर वेळापत्रक बांधता येत नाही.

व्हर्जिनिया वुल्फनं १९२८ साली केंब्रिजमध्ये मुलींच्या कॉलेजांत भाषणं दिली, त्यांचं पुढं प्रसिद्ध पुस्तक झालं. लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे. पण गारखेड्यातल्या किंवा हडकोतल्या दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील तर खोली कुठली आणायची? खोली नाही तर निदान वेळ तरी हवी. तिचंच आज बोलू.

पहिलं उद्दिष्टाचं. ‘यंदा मी कादंबरी लिहिणार’, ‘यंदा माझं पुस्तक येणार’, ‘पुरस्कार मिळाला पाहिजे’. यातलं पुस्तक येणं प्रकाशकाच्या हातात, पुरस्कार समितीच्या हातात. आपल्या हातात काय? मंगळवारी आणि शुक्रवारी वीस मिनिटं बसणं. आईच्या माहेरची तीन पानं या महिन्यात पुरी करणं. उद्दिष्ट असं हवं की रात्री झोपताना ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ इतकंच उत्तर देता आलं पाहिजे. ‘नियमित लिहीन’ याला असं उत्तर देता येत नाही. ‘चांगलं लिहीन’ याला तर मुळीच नाही. आपल्या शहरातल्या अनुराधा पाटील यांना २०१९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘कदाचित अजूनही’साठी मिळाला, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. पण तसा पुरस्कार हे काही कुणाच्या मंगळवारचं उद्दिष्ट होऊ शकत नाही.

आता हिशेब. तुम्ही घरखर्चाचा करता तसाच. वहीचं एक पान लिहिलं तर साधारण दीडशे शब्द होतात. आठवड्याला चार पानं, म्हणजे सहाशे शब्द. वर्षाचे आठवडे बावन्न, पण आपण बावन्न धरायचे नाहीत. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, लेकरांच्या परीक्षा, उन्हाळ्यातलं वाळवण, एखादं लग्न, एखादं आजारपण. यांचे बारा आठवडे आधीच वजा करा. उरले चाळीस. चाळीस गुणिले सहाशे, चोवीस हजार शब्द. एक छोटं पुस्तक होतं हो! वर्षभरात, रोज एक पानसुद्धा न लिहिता.

ते बारा आठवडे आधी वजा करायचे, यावर माझा फार जोर आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक गोष्ट दाखवून दिली. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना माणूस सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो; आधीची कामं लांबली होती हे माहीत असूनही. त्याला नाव पडलं ‘नियोजनाचा भ्रम’. गंमत अशी की स्वयंपाकघरात आपण हा भ्रम बाळगत नाही. दहा पाव्हणे येणार म्हटलं की बाराचं पीठ मळतो. लिहायच्या बाबतीत मात्र श्रावणातसुद्धा रोज दोन तास लिहीन असं ठरवतो आणि पहिल्या मंगळागौरीलाच वही बंद होते.

इथं आपल्या शहराची एक खास गोष्ट सांगायलाच हवी. पाण्याचा दिवस. गेली कित्येक वर्षं आपल्या नळाला पाणी रोज येत नाही, काही काही दिवसांनी येतं. कधी पहाटे, कधी रात्री उशिरा, आणि ठरलेल्या दिवशी येईलच असंही नाही. नवी योजना पुरी होऊन हे बदलेल तेव्हा बदलेल. तोवर या शहरातल्या बाईइतकं नियोजन मोठमोठ्या मॅनेजरला येत नसेल. कोणता ड्रम पिण्याचा, कोणता वापरायचा, टँकरला किती लागतील, धुणं कोणत्या दिवशी काढायचं हे सगळं डोक्यात असतं. तेव्हा ‘मला नियोजन जमत नाही’ हे मी तुमच्याकडून ऐकून घेणार नाही. फक्त एवढंच करा, पाण्याच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहायचं ठरवूच नका. त्या दिवशी अंगात त्राण नसतं. ठरवून मोडण्यापेक्षा न ठरवलेलं बरं.

आणि दिवस कसा ठरवायचा? घड्याळाला बांधू नका, एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधा. पीटर गॉलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय. ‘मी व्यायाम करीन’ एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं बांधून ठेवणाऱ्यांच्या हातून ते काम जास्त वेळा होतं. आपल्या घरात अशा खुंट्या भरपूर आहेत. लेकराची रिक्षा कोपऱ्यावरून वळली की वही उघडायची, भांड्यांना नंतर हात लावायचा. ज्या वाळूज किंवा चिकलठाण्याला कामाला जातात त्यांनी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावरची पहिली पंधरा मिनिटं. क्लासच्या बाहेर मुलीची वाट बघत थांबता, तिथं मोबाइलवर लिहिता येतं. बेबीताईंनी गल्ल्याचं केलं ते हेच. त्या तिथं बसणार होत्याच. बसायची जागा आणि वेळ आधीच ठरलेली होती, तिला लिहिणं जोडलं.

तुकड्या-तुकड्यात लिहिताना खरी अडचण सुरुवातीची असते. दहा मिनिटांतली सात मागचं वाचण्यात जातात. यावर स्वयंपाकघरातलाच उपाय आहे. उद्या मटकीची उसळ करायची तर आपण मटकी आज रात्री भिजत घालतो. तसं उठण्याआधी वहीत एक ओळ लिहून ठेवा: ‘पुढच्या वेळी, मामांची बैलगाडी वाड्यापाशी आली, तिथून.’ बस, एवढंच. दोन दिवस ते डोक्यात भिजत राहतं. भाजी निवडताना मोड येतात. बसाल तेव्हा आयतं वाक्य हाती येतं.

आता सगळ्यात अवघड भाग. घर.

आपण घरात कसं सांगतो? ‘मी जरा बसते.’ या ‘जरा’नं घात होतो. जरा बसलेल्या माणसाला कुणीही उठवू शकतं. ‘माझा टॉवेल कुठंय’ म्हणून उठवू शकतं. भाषेचीही गंमत बघा, ‘वेळ काढणं’ म्हणजे सवड काढणं आणि ‘वेळकाढूपणा’ म्हणजे टाळाटाळ. बाई लिहायला बसली की घराला त्यातला दुसराच अर्थ दिसतो.

तेव्हा सांगताना चार गोष्टी सांगायच्या. कोणता दिवस, किती वाजता, किती वेळ, आणि त्या वेळात माझं कोणतं काम कोण करणार. चौथी गोष्ट सोडली तर पहिल्या तीन फुकट. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेनऊ ते दहा मी लिहायला बसते. त्या वेळात आजींना गोळी तू द्यायचीस आणि ओटा बाबा आवरतील.’ असं. विनंतीच्या सुरात नको, भांडणाच्याही नको. दूधवाल्याची वेळ बदलली की आपण घरात जसं सांगतो त्या सुरात. लेकरांना हे लवकर कळतं. मोठ्यांना उशिरा कळतं. पहिले दोन आठवडे कुणीतरी येऊन विचारणारच, ‘झालं का?’ तेव्हा उठायचं नाही. तुम्ही उठलात की ती वेळ ‘जरा’ झाली.

ओटा बाबांनी आवरला तर तो तुमच्यासारखा आवरला जाणार नाही, हेही आजच सांगून ठेवते. तिथं फडकं घेऊन परत जाऊ नका. अनेकजणींचं लिहिणं नवऱ्यामुळं अडत नाही, त्या ओट्यामुळं अडतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, दिवाळी अंकांची. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखनाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. पण दिवाळी अंकाचा मजकूर दिवाळीत गोळा करत नाहीत. बऱ्याच अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं. संपादकाला आधी फोन करून तारीख विचारावी. आता उलटं मोजा. जुलैत पाठवायचं तर शुद्ध प्रत जूनच्या उत्तरार्धात, शाळा सुरू झाल्यावर. मे महिना धरूच नका, लेकरं घरी, गच्चीवर कुरडया आणि पापड. मार्च-एप्रिल परीक्षा. म्हणजे कच्चा खर्डा संक्रांतीनंतर महिनाभरात हातावेगळा झाला पाहिजे. दिवाळीत अंक वाचताना ‘पुढच्या वर्षी आपणही’ असं वाटतं ना? ते वाटणं भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात कामाला लावलं तरच गणित जमतं.

आणि पहिलं लेखन मोठ्या अंकालाच गेलं पाहिजे असं नाही. आपल्या शहरात मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ आहे. याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि ज्यांना कुठं जागा नव्हती अशा कितीतरी लिहिणाऱ्यांना तिथं पहिल्यांदा जागा मिळाली. नियतकालिक हेही लेखकाला वेळ आखून देतं. तारीख आली की लिहिणं होतं. तुम्ही चौघीजणी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकीच्या घरी जमून दोन-दोन पानं वाचायची ठरवलं, तरी तेच काम होईल. आळीपाळीनं चहा. खाण्याचा घाट घालू नका, नाहीतर ज्या घरी बैठक तिचं त्या आठवड्याचं लिहिणं बुडालं.

आता प्रश्न घेऊ.

*प्रश्न : मी पैठण तालुक्यातून आले. आमच्याकडं शेतीची कामं घड्याळावर नसतात. मंगळवार-शुक्रवार कसं जमायचं?*

नाही जमायचं. तुमचं वेळापत्रक आठवड्याचं नको, हंगामाचं हवं. कापूस वेचणी सुरू झाली की दोन-अडीच महिने लिहायचं नाही असंच ठरवा, मनाला टोचणी नको. त्या दिवसांत फक्त साठवायचं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करता येतो. वेचता वेचता आठवलं ते दोन मिनिटं बोलून ठेवा. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, हे तर आपलं जुनंच. उन्हाळ्यात कामं कमी असतील तेव्हा ऐकून उतरवा. बोललेलं आपोआप टाइप होण्याचीही सोय आता मराठीत आहे, पण जपून. आपल्या बोलीतला शब्द त्याला कळत नाही आणि तो भलताच शब्द घालतो. तुम्ही ‘येसर’ म्हणालात तर ‘येसर’च राहिलं पाहिजे, तेवढं तपासा.

*प्रश्न : घरात माझं लिहिणं आवडत नाही. एकदा वही वाचली गेली आणि खूप बोलणी बसली. तुम्ही म्हणता तसं सगळ्यांना सांगून बसणं मला शक्य नाही.*

मग सांगू नका. मघाशी मी जे सांगितलं ते जिथं फक्त सवयीची आडकाठी आहे त्या घरासाठी होतं. जिथं भीती आहे तिथं तो सल्ला लागू नाही. लपवून लिहिण्यात कमीपणा नाही, बेबीताईंनी वीस वर्षं तेच केलं. वही घरात ठेवू नका. मैत्रिणीकडं, कामाच्या ठिकाणी ठेवा. एक प्रत दुसरीकडं असलीच पाहिजे, कारण वही जळूही शकते. पानांचे फोटो काढून विश्वासाच्या मैत्रिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या, पुस्तक बदलायला जायचं हे कारण सहसा कुणी अडवत नाही, आणि तिथं बसायला टेबल असतं. आणि बोलण्यांच्या पलीकडं काही होत असेल तर ते लिहिण्यापुरतं राहत नाही. त्याबद्दल आपण दोघी कार्यक्रमानंतर बोलू.

*प्रश्न : माझी बासष्टी झाली. आता सुरुवात करून काय होणार?*

लक्ष्मीबाई तुमच्यापेक्षा मोठ्या होत्या. तुमच्याकडं उलट एक सोय आहे, तुमच्या सकाळी डबा नाही. फक्त नातवंडं सांभाळायची जबाबदारी आली असेल तर ती आठवड्याचे सातही दिवस घेऊ नका. एक सकाळ मागून घ्या. सुनेलाही त्यातून कळेल की अशी सकाळ मागता येते.

*प्रश्न : मी मागच्या वर्षी असंच ठरवलं होतं. तीन आठवडे चाललं. मग सासरे दवाखान्यात होते, महिना गेला. नंतर वही उघडायचीच लाज वाटली.*

ही लाज सगळ्यात वाईट. कशामुळं वाटते माहीत आहे? आपण बुडलेल्या दिवसांची बाकी काढतो. चार आठवडे, सोळा पानं, कशी भरून काढू? भरून काढायची नाहीत. ती गेली. ते बारा आठवडे आपण वजा केले होते ना, त्यातलेच हे चार होते. घरी गेल्यावर जुनं काही वाचू नका, नव्या पानावर तारीख घाला आणि जिथून आठवतंय तिथून लिहा. तुमचे दिवस कोणते ठरले होते?

*— मंगळवार आणि शुक्रवार.*

आज बुधवार. मग परवा बसा.